ऐरावत, बहात्तर पॉइंट

पुरुषोत्तमशेठ कोपर्ड्यांनी प्रुफावर आडवं बोट ठेवलं आणि मान हलवली.

"अर्धंच बोट भरतंय."

"काय, शेठजी?" अण्णांनी विचारलं.

"माझं नाव. बघा की. अर्धं बोट. आमच्या दुकानात यापेक्षा रुंद काठाचं धोतर मिळतं."

शेठ विट्याचे कापडाचे व्यापारी. कुठलीही गोष्ट ते बोटांनी नाहीतर वितेनं मोजायचे. अण्णा हसले. शेठ हसले नाहीत, तेव्हा अण्णांनी आपलं हसू आवरून घेतलं. मी पाठमोरी उभी राहून सुटे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, लाकडी केसमध्ये ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. ती लग्नपत्रिका होती. लग्न माझं होतं.

"चोवीस पॉइंट आहे ते, काका," मी न वळता म्हटलं. "पत्रिका हातात धरून वाचतात. एवढं पुरतं."

"पोरगी हुशार आहे," शेठ म्हणाले. मला नाही, अण्णांना.

*

साल एक्याऐंशी, गाव तासगाव. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या सहा केसेस, माझे वडील अण्णा आणि मी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मला सव्विसावं लागलं होतं आणि तीन स्थळं बघून गेली होती. चौथं हे. अण्णा ते हातातून जाऊ देणार नव्हते.

मुलगा विद्याधर. बघायला आला तेव्हा त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही. "जुळवलेले खिळे उलटे असतात ना? मग ते सरळ वाचता येतात तुम्हाला?" असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं "अरे वा" म्हटलं. एवढ्यावर तो मला आवडला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी फार शहाणी वाटेन.

दोन्ही घरची मिळून एकच पत्रिका काढायची, हे शेठनी बैठकीतच ठरवलं होतं. छापखाना मुलीच्या घरचा असताना वेगळ्या कशाला? प्रती दोन हजार. विट्यात नगरपालिकेची निवडणूक येणार होती आणि शेठ उभे राहणार होते, म्हणून दोन हजार.

*

पहिलं प्रूफ. मी जुळवलेलं. आजही सगळं पाठ आहे.

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
स. न. वि. वि.
चि. विद्याधर
(श्री. पुरुषोत्तमशेठ कोपर्डे, विटा यांचे ज्येष्ठ चिरंजीव)
आणि
चि. सौ. कां. कुमुदिनी
(श्री. रामकृष्ण लक्ष्मण पोरे व कै. सौ. सत्यभामा, तासगाव यांची सुकन्या)
यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे.

त्याखाली तिथी, मुहूर्त, कार्यालय. त्याखाली डाव्या हाताला त्यांच्याकडचे आप्त, उजव्या हाताला आमच्याकडचे, दोन मामा आणि एक आत्या. चारी बाजूंना मोकळी जागा भरपूर. त्या मोकळ्या जागेचा मला अभिमान होता. तेव्हा पत्रिकेत मोकळी जागा कुणीच सोडत नसे, लोकांना वाटायचं कागद फुकट गेला.

"ही पत्रिका आहे का शाळेचा दाखला?" शेठ म्हणाले. "पोरेअण्णा, तुमच्याकडं ते मोठं अक्षर आहे ना? सर्कशीच्या जाहिरातीला असतं ते. आत वेलबुट्टी असलेलं."

अण्णांचा चेहरा उजळला. वाईट गोष्ट ही की खरोखर उजळला.

"ऐरावत! आहे की. कुमुद, तो खालचा ट्रे काढ."

*

ऐरावत म्हणजे काय ते सांगते, कारण आता तो कुठं बघायला मिळणार नाही आणि त्यात कुणाचं नुकसान नाही.

लाकडी ठसे. बहात्तर पॉइंट, म्हणजे एकेक अक्षर इंचभर उंच, वरची-खालची मात्रा वेगळी. दांडी देवळाच्या खांबासारखी जाड. शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना मिशीसारखा पीळ. अक्षराच्या पोटात पांढरी वेल कोरलेली, तिला पानं, आणि दर अक्षरात एक फूल. उजवीकडं सावली पाडलेली, म्हणजे आधीच लठ्ठ असलेला माणूस शाल पांघरून उभा राहावा तसं. 'म' काढला तर वाटायचं, याचं नुकतंच जेवण झालंय.

मी त्याला गजकर्ण म्हणायची. अण्णांना राग यायचा.

वीस पावलांवरून वाचायचं अक्षर ते. सर्कस, तमाशाचा तंबू, कुस्त्यांचं मैदान, काळं दंतमंजन. तिथं ठीक. बाजारात ओरडावंच लागतं, ओरडणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. पण तोच माणूस तुमच्या घरी येऊन, पाटावर बसून, आमटी वाढा म्हणून त्याच आवाजात ओरडायला लागला तर? हातातल्या पत्रिकेवर ऐरावत म्हणजे तसं.

शिवाय तो छापायला नालायक. चारपाचशे प्रती झाल्या की त्या वेलीत शाई आणि कागदाचा भुसा भरायचा आणि फुलाचं डबकं व्हायचं. मग मशीन थांबवून मी सुईनं एकेक पान टोकरत बसायची. अण्णांनी तो पुण्याच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणला होता आणि देव्हाऱ्यातल्या देवांपेक्षा जास्त वेळा पुसला होता.

"हेच," शेठ ट्रेमध्ये वाकून म्हणाले. "याच्यात घ्या. दीड बोट भरेल."

*

खिळ्यांच्या छपाईत एक गोष्ट असते, ती शाईच्या पेनानं लिहिणाऱ्यांना कळत नाही. मजकूर लोखंडी चौकटीत आवळून बसवावा लागतो. चौकट वाढत नाही. एक ओळ जाड केली की दुसरी कुठली तरी बाहेर निघते. हातानं उचलून बाहेर काढावी लागते.

ऐरावतात शेठचं नाव एका ओळीत मावेना. 'पुरुषोत्तमशेठ' एक ओळ, 'कोपर्डे' दुसरी. पत्रिकेच्या वरच्या भागात ही दोन ओळींची भिंत उभी राहिली. मजकूर फिरवावा लागला. निमंत्रण आता शेठचं झालं, 'आमचे ज्येष्ठ चिरंजीव' असं. जागेसाठी माझे दोन्ही मामा आणि आत्या मी चिमट्यानं उचलून खणात परत टाकले.

"मामांना काय सांगायचं?" मी अण्णांना विचारलं.

"तोंडी आमंत्रण करू की. तोंडी आमंत्रणाला जास्त मान असतो."

"मग शेठनाही तोंडीच करू."

"कुमुद."

*

दुसऱ्या प्रुफाला शेठ आले ते हातात चिठ्ठी घेऊन. नावाखाली चार ओळी घालायच्या होत्या. समाजाच्या सभेचे अध्यक्ष. कापड व्यापारी संघाचे माजी चिटणीस. कुठल्याशा मंदिराचे विश्वस्त. आणि चौथी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, "जनतेचे आशास्थान."

"ही कुणाची पदवी?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"बाकीच्या तीन सभांनी दिल्या. ही कुणी दिली?"

"जनतेनं," शेठ म्हणाले. त्यांना जराही हसू आलं नाही. त्यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची तर ही. ढोंग नव्हतं. माणूस स्वतःच्या नावापुढं खरोखर हात जोडून उभा होता.

चार ओळींना जागा पाहिजे. 'व कै. सौ. सत्यभामा' निघालं.

(इथं आईविषयी पाच ओळी लिहिल्या होत्या. काढल्या.)

अण्णा त्या वेळी शेठना चहा देत होते. बशीतला एक थेंबही सांडला नाही. मी तेव्हा त्यांच्याकडं बघितलं ते चांगल्या नजरेनं नव्हतं.

*

तिसऱ्या वेळी शेठ स्वतः आले नाहीत, निरोप आला. वर नाव आहे ते उत्तम. पण पत्रिका उघडून वाचणाऱ्याची नजर शेवटी खाली जाते, सबब खालीही नाव पाहिजे, 'आपला नम्र' म्हणून. त्याच अक्षरात.

"नम्र! बहात्तर पॉइंटात!" मी म्हटलं.

अण्णा ऐरावतचा ट्रे चाळत होते. "अडचण आहे. 'ष' एकच आहे. 'ठ' पण एकच."

असणारच. सर्कशीला 'ष' लागत नाही आणि तमाशाला 'ठ' लागत नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, लाकडालाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर अण्णा दारातल्या उजेडात बसलेले. मांडीवर शिसवीचा तुकडा, हातात पटाशी. डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर धरलेलं भिंग. 'ठ' कोरत होते. उलटा 'ठ', पोटात वेल, वेलीला पानं, मधे फूल. माझ्या बापानं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर कधी वेल काढली नव्हती.

"हे काय चाललंय?"

"बघ, कुणाला कळणार नाही नवा कुठला नि जुना कुठला."

"अण्णा, त्यांना सांगा की अक्षर नाही. संपलं."

"अक्षर नाही असं छापखान्यानं सांगायचं?" त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला. "तीन दिवसांत दोन्ही होतील."

झाले. खालीही भिंत उभी राहिली. आता चौकटीत बाहेर काढण्यासारखं थोडंच उरलं होतं. अण्णा स्वतःच चिमटा घेऊन पुढं आले आणि कंसातली ओळ काढली. श्री. रामकृष्ण लक्ष्मण पोरे, तासगाव.

"मला काय करायचंय? मुलगी कुणाची ते गावाला माहीत आहे," ते म्हणाले.

ते खिळे खणात पडताना झालेला आवाज मी ऐकला. जागेपायी एव्हाना बारा पॉइंटवर आले होते, आवाज असा काही मोठा नव्हता.

मी दुपारी एकटी असताना चौकट परत सोडवली, थोडं काम केलं, परत आवळली. नवं प्रूफ काढलं आणि विट्याला निरोप धाडला. अखेरचं प्रूफ तयार आहे, सहीला विद्याधरांना पाठवा.

*

आमच्या छापखान्याचा रिवाज असा. अखेरच्या प्रुफावर गिऱ्हाइकानं 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही करायची. त्यानंतर काही चूक निघाली तर ती गिऱ्हाइकाची. अण्णांनी मला वयाच्या चौदाव्या वर्षी हे शिकवलं होतं. एकदा एका वकिलानं स्वतःचंच नाव चुकलेल्या प्रुफावर सही केली, तर अण्णांनी तेही तसंच छापलं होतं.

विद्याधर बुधवारी आला. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा, केळीच्या पानात गुंडाळलेला. गजरा टेबलावर ठेवला. अण्णा कागद आणायला गेले होते.

"बाबांना फार आवडलंय तुमचं काम," तो म्हणाला.

"बसा. वाचून घ्या."

त्यानं प्रूफ हातात घेतलं. लांब धरलं, जवळ घेतलं. वरच्या भिंतीवरून हात फिरवला.

"काय भरीव उठलंय! फुलंसुद्धा दिसतायत."

"सगळं वाचा."

"वाचतोय." डोळे खाली सरकले, खालच्या भिंतीपाशी थांबले. "आणि हे दोन्ही 'ठ' सारखे दिसत नाहीत का तुम्हाला? बाबा म्हणत होते, एक कोरलाय म्हणून. कुठला ते ओळखू येत नाही."

"तारीख, मुहूर्त, नावं. एकदा सावकाश बघा. सही केली की छपाई सुरू होते."

"बघितलं हो." तो हसला. "तुम्ही जुळवलंय म्हटल्यावर चूक कशाला असेल?"

"मी जुळवलंय म्हणूनच विचारते. परत वाचा."

त्यानं परत वाचलं. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. डोळे वरून खाली आले, पायऱ्या उतरावं तसे, एकही पायरी न चुकवता. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि कोपऱ्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही. वि. पु. कोपर्डे.'

त्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं.

पदव्या आणि तिथी-मुहूर्त सोडले तर दोन भिंतींच्या मधे एवढाच मजकूर होता: 'आमचे ज्येष्ठ चिरंजीव विद्याधर यांचा शुभविवाह खालील मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे.' कुणाशी, ते नव्हतं. वाक्याला काही दुखापत झाली नव्हती. वाचून बघा.

*

अण्णांनी पहिला कागद मशीनमधून काढला, उजेडाकडं धरला आणि ट्रेडलवरचा पाय खाली घेतला.

"कुमुद, तुझं राहिलंय."

"राहिलेलं नाही. मी काढलं."

"का?"

मी सही केलेलं प्रूफ त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. सही वाचली. त्यांना समजायला जितका वेळ लागेल असं वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा लागला नाही.

"आठ पॉइंटात बसवता येईल," ते म्हणाले. "तिथीच्या बाजूला."

"सही झालीय, अण्णा."

मला वाटलं, रागावतील. वाटलं, रडतील. दोन्हींसाठी माझ्याकडं उत्तरं तयार होती. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ट्रेडलवर पाय ठेवला. दोन हजार प्रती छापल्या. चार वेळा मशीन थांबवून मी वेलीतली घाण सुईनं काढली. अण्णांनी ते का छापलं, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. ते होते तोवर विचारता आलं असतं.

*

पत्रिका एसटीनं विट्याला गेल्या. चार दिवस काही नाही.

पाचव्या दिवशी भाड्याची जीप दारात थांबली. पुढून शेठ उतरले. मागून विद्याधर, आणि त्याच्यामागं शेठची थोरली बहीण गोदाक्का, लेंगरे गावात दिलेली. नऊवारी, कपाळभर कुंकू.

"पोरेअण्णा!" शेठ उंबऱ्यातूनच ओरडले. "हा काय चावटपणा? पत्रिकेत नवरीच नाही!"

अण्णा काही बोलायच्या आत मी प्रूफ पुढं केलं. "सही बघा, काका."

शेठनी सही बघितली. मग मुलाकडं बघितलं. विद्याधर खाली बघत होता.

"तू वाचलं नव्हतंस?"

"तुम्ही पण चार दिवस वाचताय की, बाबा," तो हळूच म्हणाला.

"मी वाचलं नाही, बघितलं!"

गोदाक्का ट्रेडलच्या बाकड्यावर टेकल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अगं, काय सांगू तुला पोरी. चार दिस दुकानात ढीग मांडून बसलाय ह्यो. येईल त्याला दाखवायचं. मास्तर आलं, म्हनलं झकास. डॉक्टर आलं, म्हनलं झकास. आमच्यात पयली पत्रिका देवाफुडं ठेवायची, नवऱ्याच्या नावाला आन नवरीच्या नावाला कुंकू लावायचं. ते माझ्याकडं. मला काय वाचता येतंय? मी म्हनलं, आरं, नवऱ्याच्या नावावर बोट ठेव. ठेवलं. लावलं कुंकू. म्हनलं, आता नवरीच्या. तर ह्याचं बोट आपलं फिरतंय, फिरतंय. वर जातंय, खाली येतंय. म्हनलं, आरं किती लांब लिवलीय रं पोरीला?"

"अक्का, पुरे," शेठ म्हणाले.

"पुरे काय? घरात शिकल्यालं अकरा जण. अकराही जणांनी बोट फिरवलं."

अण्णा पुढं झाले. "शेठजी, पुन्हा छापून देतो. कागद माझा. दोन दिवसांत."

"नको!" शेठ एकदम म्हणाले. पत्रिका त्यांच्या हातात होती, ती त्यांनी छातीशी धरली. "नाव उत्तम उठलंय. पुन्हा असंच उठेल कशावरून? आणि परत जुळवताना तुम्ही ते बारीक कराल." मग म्हणाले, "रबरी शिक्का करू."

"कसला?"

"मुलीच्या नावाचा. प्रत्येक पत्रिकेवर मारायचा. आमच्या दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा आहे ना, तसा. सुबक येतो."

गोदाक्कांचं हसणं थांबलं. "सुनंला शिक्का मारतोस व्हय रं?"

शेठ जीपकडं चालायला लागले होते. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी काही तरी बोलावं असं त्यांना वाटत असावं. विद्याधरलाही वाटत असावं. दोघंही माझ्याकडंच बघत होते, म्हणजे त्यातल्या कुणालाही बोलायचं नव्हतं.

"करा शिक्का," मी म्हटलं.

*

शनिवारी सकाळी अकरा वाजता विद्याधर एकटाच आला. पत्रिकांचे गठ्ठे, शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड.

"मीच मारतो सगळे," तो म्हणाला. "माझी चूक आहे."

मी त्याला दगडी टेबल मोकळं करून दिलं. त्यानं बाह्या दुमडल्या, पॅडवर शिक्का दाबला आणि पत्रिकेवर धरून थांबला.

"कुठं मारू?"

"जागा असेल तिथं."

जागा नव्हती. त्यानं शोधली. शेवटी 'जनतेचे आशास्थान' या ओळीवर थोडा आणि समासात थोडा असा तिरका मारला.

चि. सौ. कां. कुमुदिनी

"चालेल ना?"

"चालेल."

तो मारत सुटला. मी एकेक पत्रिका उचलून वाळायला पसरत होते. टेबलावर, बाकड्यावर, केसवर, जमिनीवर. तो मधूनमधून बोलायचा. लग्नानंतर विट्याला छोटा छापखाना काढता येईल. बाबा तसे मनानं वाईट नाहीत. आत्या उगीच बोलते. त्यानं एकदा विचारलं, "मी सही करताना तुम्ही सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं."

"वाचा म्हणून सांगितलंत. नाव नाही म्हणून नाही सांगितलंत."

"हो."

"मग ही परीक्षा झाली की हो."

"झाली."

एक वाजता अण्णांनी त्याला जेवायला वाढलं. तो पाटावर बसला तेव्हा त्याची पाचही बोटं जांभळी होती. भात कालवताना वरणाला रंग येईल म्हणून अण्णांनी चमचा दिला. जेवून परत बसला. हात दुखायला लागला तेव्हा डाव्या हातानं मारायला लागला. डाव्या हाताचे शिक्के आणखी तिरके येत होते. एकही पत्रिका त्यानं चुकवली नाही. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

चारच्या सुमाराला शेवटची पत्रिका झाली. त्यानं पॅडचं झाकण लावलं, पाठ सरळ केली, आणि छापखानाभर पसरलेल्या पत्रिकांकडं बघून लहान मुलासारखा हसला.

"झालं. आता राग गेला ना?"

"विद्याधर," मी म्हटलं. त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेत होते. "हे लग्न होणार नाही."

अण्णा आतल्या खोलीच्या दारात होते. ते तसेच आत गेले.

विद्याधरला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं हात उचलून तोंड पुसलं, आणि तोंडालाही जांभळं लागलं.

"कधी ठरवलंत हे?"

"सकाळी."

"सकाळी!" त्यानं सगळीकडं बघितलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? पाच तास बसलोय मी इथं. दोन हजार शिक्के मारले. मारू का दिलेत?"

"बघत होते," मी म्हटलं, "माझं नाव तुम्ही एकदा तरी वाचता का."

उत्तर चांगलं होतं. तो शिक्का तिथंच टाकून सव्वाचारच्या एसटीला गेला. पुढं हे उत्तर मी कितीतरी जणींना सांगितलं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीनं टाळी दिली. विट्यात शेठ निवडून आले आणि विद्याधरचं त्याच सालात दुसरीकडं लग्न झालं, हे मी त्याला जोडून सांगायची.

उत्तर खोटं होतं.

तो वाचतो की नाही हे बघायला पहिले दहा शिक्के पुष्कळ झाले. उरलेल्या वेळात मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी माझं नाव बघत होते. उचलत होते, पसरत होते, मागं जाऊन लांबून बघत होते. दोन हजार वेळा कुमुदिनी. संपू नये असं वाटत होतं.

आणि अडचण एवढीच वाटत होती, की फार बारीक दिसतंय.